फेरिटिन ११ आलंय. मांस आणि गोळ्या दोन्ही टाळून फक्त वीगन आहारातून लोह वाढवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वय ३१, तीन वर्षांपासून दूध-अंडंसुद्धा बंद, हिमोग्लोबिन १०.८, फेरिटिन ११, गोळ्या घ्यायची इच्छा नाही आणि घरचे रोज म्हणतात की "मांस सुरू कर, महिन्याभरात ठणठणीत होशील". या शेवटच्या वाक्यावर मी अडकले. खरं तर झोपायला चालले होते पण परत लिहायला बसले, कारण हेच वाक्य मी दीड वर्ष ऐकलंय आणि त्या वाक्यामुळेच माझं खरं दुखणं दीड वर्ष कोणी बघितलंच नाही.

आधी थेट उत्तर. या आकड्यांवरून नुसत्या जेवणाच्या जोरावर वर यायचं म्हटलं तर कदाचित याल, पण दीड-दोन वर्षं लागतील आणि ती सगळी तुम्ही कठडा धरून जिने चढण्यात काढाल. हिशोबच करून बघा ना. हिमोग्लोबिनच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. अंगात साडेचार लिटर रक्त धरलं आणि १०.८ चं १२.५ करायचं तर नुसत्या रक्तासाठीच अडीचशेच्या वर मिलिग्रॅम लागतं. फेरिटिन म्हणजे साठा, त्याचा एक आकडा वाढायला ढोबळमानाने ८ मिलिग्रॅम, म्हणजे ११ चं ५० करायला अजून तीनशे. झाले साडेपाचशे-सहाशे. आणि जेवण कितीही सुधारलं तरी रोजची झीज भागवून वर शिल्लक पडणार फार तर एखादा मिलिग्रॅम. म्हणजे सहाशे दिवस, तेही सगळं सुरळीत चाललं तर.

तेव्हा गोळी घ्या. गोळीत मांस नसतं, फेरस सल्फेट काय, फ्युमरेट काय, अ‍ॅस्कॉर्बेट काय, सगळे लोहाचे क्षार आहेत. कॅप्सूल असेल तर आवरण जिलेटिनचं नाही ना एवढं लेबलवर बघून घ्या. गोळी घेतली म्हणून तुमचा आहार हरला असं होत नाही. हे मला तेव्हा कोणीतरी या शब्दांत सांगायला हवं होतं.

माझं सांगते. मी वीगन झाले त्याला आता नऊ वर्षं होतील. पहिली चार-पाच वर्षं काही त्रास नव्हता. मग ऑफिसचे जिने जड जायला लागले. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कधी न घेणारी मी दुसऱ्या मजल्यावर थांबून फोन बघितल्यासारखं करायची, म्हणजे मागून येणाऱ्याला धाप लागलेली कळू नये. केस गळत होते पण केस सगळ्यांचेच गळतात. विचित्र गोष्ट एकच होती, बर्फ. रात्री अकरा वाजता फ्रीजर उघडायचा, ट्रे पिळायचा, खळकन सुटलेले तुकडे वाटीत घ्यायचे आणि दाढेखाली कडाकडा फोडायचे. गार काहीतरी हवंय म्हणून नाही, मला तो चावा हवा असायचा, तो आवाज हवा असायचा. एक ट्रे संपला की दुसरा. एका दाढेचा कोपरा उडाला तरी थांबले नाही, दुसऱ्या बाजूने चावायला लागले. लोह कमी झालेल्या लोकांमध्ये ही बर्फाची ओढ इतकी ओळखीची आहे की तिला पॅगोफेजिया असं स्वतंत्र नाव आहे, पण तेव्हा मला ती नुसती सवय वाटायची.

माझी थोरली बहीण, ताई, राहायला आली होती. तिने मला रात्री बर्फ खाताना पाहिलं, खिडकीजवळ नेऊन माझी खालची पापणी ओढली आणि गप्प झाली. पापणीची आतली बाजू लालसर असायला हवी, माझी जवळजवळ पांढरी होती. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. हिमोग्लोबिन ९.२, फेरिटिन ५.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काय खाता? मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग बरोबरच आहे. मांस सुरू करा, निदान अंडी तरी." चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. बाहेर आल्या आल्या ताई म्हणाली, "मी किती वर्षं सांगतेय तुला." बस, तिथे माझं डोकं फिरलं. गोळ्यांची चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली आणि मी ठरवलं की आता हे जेवणानेच वाढवून दाखवायचं, दोघांनाही.

मग वर्षभर मी काय केलं ते ऐका, म्हणजे तुम्ही करणार नाही. रोज सकाळी बीटाचा रस, का तर रंग लाल. शंभर ग्रॅम बीटात लोह असतं ०.८ मिलिग्रॅम, रंगाचा आणि लोहाचा काडीचा संबंध नाही. खजूर, शंभर ग्रॅममागे जेमतेम १. मनुका, दोनच्या आत. पालक, शंभर ग्रॅममध्ये २.७, बरा आकडा आहे पण त्यातलं फार थोडं आतड्यातून आत जातं. आणि ज्यात खरंच माल आहे, म्हणजे डाळी, राजमा, हरभरे, सोयाबीन, ते मी खायचे पण जेवण झालं की लगेच मोठा मग भरून कॉफी. दुपारी जेवून कॉफी, रात्री जेवून पुन्हा कॉफी. वर्षभरात तीन रिपोर्ट केले. ९.४, ९.१, ९.०.

या कॉफीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय कारण हे लोकांना माहीत नसतं आणि माहीत असलं तरी खरं वाटत नाही. चहा-कॉफीचा कप दोन दिवस न घासता ठेवा, आत तपकिरी वळं धरतं, बोटाने घासून निघत नाही. ती पॉलिफेनॉल, टॅनिन वगैरे मंडळी जशी कपाला चिकटतात तशी पोटात वनस्पतीतल्या लोहाला चिकटतात आणि मग ते लोह आतड्याच्या भिंतीतून आत जाऊ शकत नाही. मांसातलं हीम लोह वेगळ्या दाराने आत जातं, त्याला या गोष्टींचा फारसा अडथळा होत नाही. आपलं सगळं लोह नॉन-हीम, त्याला सगळेच अडवतात. १९८३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, त्यात जेवणासोबत कॉफी दिली तर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहा दिला तर ६४ टक्क्यांनी. आणि त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट अशी की कॉफी जेवणाच्या एक तास आधी घेतली तर काहीच फरक पडला नाही, पण जेवणानंतर एका तासाने घेतली तरी जेवणासोबत घेतल्याइतकंच नुकसान. कारण सरळ आहे, तासाभराने जेवण अजून पोटातच असतं. तेव्हा कॉफी सोडायची गरज नाही, जेवणाच्या तासभर आधी प्या किंवा जेवून दोन-तीन तास जाऊ द्या. एवढा एक बदल केला तरी तुम्ही महिनाभर बीट पिण्यापेक्षा जास्त कमवाल.

याच्या उलट काम करतं व्हिटॅमिन सी. लिंबू, संत्रं, पेरू, कच्ची ढोबळी मिरची, काहीही, पण त्याच जेवणात, त्याच ताटात. सकाळी संत्रं खाल्लं आणि रात्री राजमा, याचा उपयोग नाही. आणि लिंबू शिजताना टाकू नका, खाली उतरवल्यावर पिळा, उष्णतेने सी जातं. एकेका जेवणावर केलेल्या प्रयोगांत सी मुळे शोषण दुप्पट-तिप्पट झालेलं दिसतं. रोजच्या मिश्र आहारात फरक तेवढा मोठा राहत नाही हेही खरं, म्हणूनच मी म्हणते की खाणं हे सांभाळायला, खड्डा भरायला गोळी.

तर तीन रिपोर्टनंतर मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, ताईला न सांगता. या बाईंनी फाइल वाचली आणि काय खाता हे विचारलंच नाही. विचारलं, पाळी किती दिवस असते? म्हटलं सात-आठ. पॅड किती वेळाने बदलावं लागतं? म्हटलं पहिले तीन दिवस दीड तासाने. रात्री उठावं लागतं का? दोनदा. गाठी पडतात? हो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे तुम्हाला नॉर्मल वाटतं?" मला खरंच नॉर्मल वाटत होतं. आईचं असंच होतं, ताईचं असंच आहे. आमच्या घरात पाळी म्हणजे अशीच असते.

सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पोकळीत वाढलेली फायब्रॉइडची गाठ निघाली. डॉक्टरांनी हिशोब मांडून दाखवला. हिमोग्लोबिन चांगलं असेल तर एक मिलिलिटर रक्तामागे जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. साधारण पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं, ऐंशीच्या वर गेलं की ते जास्त समजतात. ऐंशी म्हणजे चाळीस मिलिग्रॅम लोह, दर महिन्याला, आणि माझं ऐंशीच्या कितीतरी वर असणार. शरीर दिवसाला शोषणार एक-दोन मिलिग्रॅम. मी वर्षभर वरून थेंब थेंब ओतत होते आणि खालून नळ उघडा होता. मी मांस खाल्लं असतं तरी तो नळ उघडाच राहिला असता. आणि हे कळायला फक्त पाच प्रश्न लागले, जे पहिल्या डॉक्टरांनी विचारले नाहीत कारण त्यांना "वीगन" या शब्दात उत्तर मिळालं होतं. माझा राग त्याचा आहे. तुम्ही काय खाता हे ऐकल्यावर समोरच्याचा तपास संपतो.

गोळी मला एक दिवसाआड दिली. मला वाटलं कमी देतायत, म्हणून विचारलं. लोह पोटात गेलं की यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढवतं आणि ते पुढचे चोवीस तास आतड्याचं दार अर्धवट बंद करतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची गोळी बरीचशी वाया जाते आणि वर मळमळ, बद्धकोष्ठता. २०१७ साली झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुणींवर हे मोजलं होतं, रोज गोळी घेणाऱ्यांत शोषण साधारण १६ टक्के, एक दिवसाआड घेणाऱ्यांत जवळजवळ २२ टक्के. तुमचे डॉक्टर रोज घ्या म्हणाले तर रोज घ्या, रक्त फारच कमी असेल तर रोजच देतात. पण रोजची गोळी पोटाला सोसत नाही म्हणून बंदच करून टाकू नका, दिवसाआडची चालेल का हे विचारा. रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत, कॉफीपासून लांब. शौचाला काळं होतं, घाबरू नका. गोळीसोबत व्हिटॅमिन सी ची वेगळी गोळी घेऊन फायदा होत नाही असं २०२० च्या एका चाचणीत दिसलं होतं, तेव्हा तो खर्च वाचवा.

दहाव्या-बाराव्या दिवशी माझा बर्फ सुटला. ठरवून नाही, एका रात्री लक्षात आलं की ट्रे भरलेले तसेच आहेत, वरून पांढरं धुकं धरलंय, कोणी हात लावलेला नाही. त्या रात्री मी फ्रीजर उघडा ठेवून तिथेच रडले. पाचव्या आठवड्यात १०.५, चौथ्या महिन्यात १२.३. तोपर्यंत गाठ दुर्बिणीतून काढून झाली, पाळी चार दिवसांवर आली. हिमोग्लोबिन नॉर्मल आल्यावरही गोळी अजून तीन महिने चालू ठेवली, कारण शरीर आधी रक्त भरतं आणि साठा शेवटी, इथेच बहुतेक लोक गोळी सोडतात आणि सहा महिन्यांत परत तिथेच येतात. शेवटचं फेरिटिन ४६. या सगळ्या काळात मी एक घास मांस खाल्लं नाही, अंडं नाही, दूध नाही.

आता ताई. ताई आठवड्यातून चार दिवस मांस खाते, कधीच सोडलं नाही. गेल्या वर्षी तिला चक्कर यायला लागली, रिपोर्ट केला, हिमोग्लोबिन १०.१, फेरिटिन ८. आणि तिच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला? पाळी कशी आहे. तेच आईकडून आलेलं शरीर, तोच जास्तीचा रक्तस्राव, आणि ती मांस खाते म्हणून तिला योग्य प्रश्न पहिल्या भेटीत मिळाला. मी तिला फोनवर हेच म्हटलं. ती म्हणाली, "माझं वेगळं, तुझं खाण्यामुळेच झालं होतं." अजूनही तेच म्हणते. ताई, तू हे वाचशील कधीतरी, म्हणून इथे लिहून ठेवते, फेरिटिन तुझं ८ आणि माझं ४६ आहे.

पण तिची एक गोष्ट बरोबर होती, ती म्हणजे "चिठ्ठीतल्या गोळ्या तरी घे". ते मी ऐकलं असतं तर वर्ष वाचलं असतं. आणि मांसातलं लोह जास्त सहज शोषलं जातं आणि शाकाहारी लोकांचं फेरिटिन सरासरी कमी असतं, हेही खरंच आहे, ते नाकारून उपयोग नाही. अमेरिकेच्या शिफारशीत पाळी येणाऱ्या बायकांना रोज १८ मिलिग्रॅम लोह सांगितलंय आणि शाकाहारी असाल तर त्याच्या १.८ पट धरा म्हणतात, म्हणजे ३२ च्या आसपास. हा गुणाकार जरा जास्तच आहे असं मानणारेही आहेत, पण आपल्याला जास्त लागतं हे नक्की.

खाण्याचं तुम्ही विचारलंच होतं तर पटकन सांगते. शिजवलेली मसूर एक मोठा कप, साडेसहा मिलिग्रॅम. उकडलेलं सोयाबीन तेवढंच, आठच्या वर. हरभरे, राजमा चार-पाचच्या आसपास. तीळ आणि भोपळ्याच्या बिया रोज चमचा-दोन चमचे. कडधान्यं भिजवा, मोड आणा, पीठ आंबवा, त्याने फायटेट कमी होतं, तेही लोहाला अडवणाऱ्यांतलंच. टोमॅटोसारखं आंबट काही लोखंडी भांड्यात सावकाश शिजवलं तर थोडं लोह उतरतं, पण औषधाच्या जागी ते धरू नका. कॅल्शियमची गोळी घेत असाल तर ती जेवणासोबत नको, लोहाच्या गोळीसोबत तर मुळीच नको.

आणि काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. मी डॉक्टर नाही. तपासल्याशिवाय स्वतःच्या मनाने लोह सुरू करू नका, थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा सौम्य दोष) असेल तर रक्त कमी दिसतं, पेशी लहान दिसतात, पण लोह पुरेसं असू शकतं, आणि काहींच्या शरीरात लोह जन्मतःच जास्त साठतं, त्यांना गोळी घातक आहे. अंगात सूज किंवा इन्फेक्शन असेल तर फेरिटिन खोटं चांगलं दिसतं. तुमचं ११ आहे त्यामुळे तुमच्याबाबत शंका नाही, जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत १५ च्या खाली म्हणजे कमतरता मानते. वीगन आहात तर बी १२ तपासा आणि त्याची गोळी घ्याच, त्यावर मी वाद घालणार नाही. पाळी व्यवस्थित असूनही आकडा हलत नसेल तर सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार), पोटातला एच पायलोरी जंतू, अ‍ॅसिडिटीच्या रोजच्या गोळ्या, मूळव्याध, हे बघावं लागतं. पुरुष असेल किंवा पाळी गेलेली बाई असेल तर लोह कमी येणं म्हणजे पोटात-आतड्यात कुठेतरी रक्त जातंय का हे तपासायलाच हवं, तिथे आहाराला दोष देऊन घरी येणं धोक्याचं आहे. थायरॉइडची गोळी असेल तर लोहाच्या गोळीत आणि तिच्यात चार तासांचं अंतर ठेवा. दिवस राहिले असतील तर हे सगळं वाचत बसू नका, आजच जा. आणि घरात लहान मूल असेल तर लोहाच्या गोळ्या कुलपात, मूठभर गोळ्यांनी लहान मूल दगावू शकतं.

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. ताटात काय काय असतं ते सगळं लिहिलंय, पाळीबद्दल एक अक्षर नाही. पुढची पाळी आली की पहिल्या दिवसापासून किती पॅड लागले, किती तासांनी बदलले, गाठी पडल्या का, रात्री उठावं लागलं का, एवढं फोनमध्ये लिहून ठेवा आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तो फोन त्यांच्यासमोर धरा.